पाटलाची ताडी

सदानंद पाटील पहिल्यांदा पाम गावातल्या आमच्या घरी आला, तेव्हा त्याने चपला अंगणातच काढल्या, आईच्या पायाला हात लावला, आणि मी खाट पुढे ओढली तरी जमिनीवर बसला. मला तिथंच वास आला. बोईसरच्या कारखान्यात बॉयलरवर काम करणारा, इस्त्रीचा शर्ट नि मनगटावर घड्याळ असलेला पाटील आमच्यासारख्या वारली आदिवासीच्या घरात सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसतो? इतकं खाली कोणी उगाच बसत नाही. काहीतरी उचलायचं असलं तरच माणूस वाकतो, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

त्याला माझी धाकटी बहीण मंगळी हवी होती. निदान तसं तो म्हणत होता. मंगळी त्याच कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांना लेबलं लावायची. दोन वर्षांची ओळख होती म्हणे. मला विचाराल तर त्याला हवी होती ती आमची दोन एकर.

ती दोन एकर कुठं आहे ते सांगायला हवं. पामहून कारखान्यांकडे जाणारा डांबरी रस्ता आमच्या बांधाला घासून जातो. माझ्या लहानपणी तिथं गवत नि निवडुंग होता. सन शहाऐंशीपर्यंत पलीकडच्या बाजूला तीन गोडाऊनं, एक वजनकाटा नि एक पंजाबी ढाबा उभा राहिला होता. आठवड्याला एक तरी गाडी आमच्या बांधावर थांबायची आणि आतला माणूस काच खाली करून आईला विचारायचा, "ये जमीन किसका है?" आई म्हणायची, "माजा हाय." मग तो हसायचा. ते हसणं मला आवडत नसे.

आमची जमीन मुळात पाच एकर होती. तीन एकर एका गवताच्या व्यापाऱ्याने खाल्ली. माझा बाप चिंतू त्याच्याकडे गवत कापायला जायचा. एका दिवाळीत व्यापाऱ्याने त्याला गूळ दिला, चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि हजेरीच्या कागदावर म्हणून अंगठा घेतला. तो हजेरीचा कागद नव्हता. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि तो गूळ मीही खाल्ला होता. पुढे आदिवासींची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला घेता येणार नाही असा कायदा आला, गेलेल्या जमिनी परत देण्याचाही आला. पण तोवर बाप गेला होता आणि आमच्याकडे एक चिठोरंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो आणि कायद्याची कलमं पाठ आहेत. माणसांवर नाही, पण कायद्यावर माझा विश्वास होता.

मी प्राथमिक शिक्षक. नाव जीवन चिंतामण धोदडे. शाळा आत एका पाड्यावर, आणि राहायला चिंचणीत नलूकाकूंच्या घरामागची खोली. नलूकाकू चांगल्या बाई. सणाला घरातून ताट यायचं, माझा रेडिओ बिघडला तर त्यांचे यजमान नामदेवकाका स्वतः बोईसरला घेऊन जायचे. खोली घेताना काकूंनी विचारलं होतं, "तुम्ही कोणातले?" मी म्हटलं होतं, "कुणबी." एवढंच. त्याआधी दोन घरांत खरं सांगून पाहिलं होतं. एका घरात खोली अचानक पुतण्याला लागणार होती आणि दुसऱ्या घरात कुलूपच सापडेना. तेव्हा ती गोष्ट वेगळी. मला डोक्यावर छप्पर हवं होतं, कोणाची जमीन नव्हे.

असो. पाटलाबद्दल सांगत होतो.

मी माझ्या परीने चौकशी केली. गाव विचारलं तर "शहापूरकडं" म्हणाला. शहापूरकडं कुठं, तर हात हलवला. आईबाप? "नायत." भाऊबंद? "लांब पडले." दोन वर्षांत त्याला एकही पत्र आलं नव्हतं, हे मी त्याच्या चाळीत जाऊन विचारून आलो. लग्न कसं करायचं, तर म्हणे तुमच्याच मांडवात, तुमच्याच पद्धतीने, माझ्याकडून कोणी येणार नाही. पाटील असून वारल्याच्या मांडवात उभा राहायला तयार! आणि सगळ्यात शेवटी मंगळीने जे सांगितलं त्याने माझी खात्रीच पटली. त्याने तिला आमचा सातबारा बघायला मागितला होता.

"कशाला?" मी विचारलं.

"आदिवासी म्हणून नोंद हाय का ते बघतो म्हनाला. नसंल तर करून घ्या म्हनाला."

"वा! म्हणजे परवानगी लागते की नाही ते बघायचंय. व्यापारीसुद्धा पहिल्यांदा तेच बघतो. मंगळे, हा आहे कोण?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिच्यापासून काही लपवत होतो. "त्यालाच इचार," ती म्हणाली. "मी शब्द दिलाय."

शब्द दिलाय! बहिणीकडून शब्द घेऊन ठेवणारा माणूस सरळ कसा असेल? मी ठरवलं, त्याला बोलतं करायचं. आणि माणूस बोलता करायचा तर आमच्याकडे एकच उपाय.

माघातला रविवार होता. सकाळची ताडी झाडावरून नुकतीच उतरली होती, अजून गोड होती. आईने दुधी भोपळा वाळवून केलेल्या बुधल्यातून दोन पेले भरले, एक माझ्यापुढे ठेवला, एक त्याच्या. मी माझा पेला एका दमात रिकामा केला, म्हणजे त्यालाही घाई व्हावी. त्याने पेला उचलला. आधी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. मग बोट बुडवून दोन-तीन थेंब जमिनीवर सांडले, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला, आणि लगेच त्या ओल्या डागावर पाय ठेवला.

माझं डोकं सणकलं. पिण्याआधी जमिनीवर थेंब सांडायचे, आपल्या मेलेल्यांना आधी पाजायचं, मग आपण प्यायचं, ही आमची रीत. पाटलांची नव्हे. म्हणजे मंगळीने त्याला शिकवून आणलं होतं! आमच्या आईला पाघळवायला आमचेच मेलेले वापरत होता. पण त्याहून मला खटकलं ते त्याचं रस्त्याकडे पाहणं. खरं काम करणारा माणूस कोणी बघतंय का ते बघत नाही.

चार पेले झाले तरी जमिनीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. बॉयलरबद्दल बोलला. वाफेचा दाब किती, काटा कुठं गेला की धोका, पहिल्या वर्षी हात कसा भाजला. आई ऐकत राहिली. तो गेल्यावर ती पेले विसळत म्हणाली, "जिव्या, तो आपलाच हाय."

"आपला? पाटील?"

"कुनाचा पाटील! थेंब सांडताना त्यानं नाव घेतलं. काकड्या म्हनाला. त्याचा बा आसंल."

"आये, उद्या तो खंडोबाचं नाव घेईल. सगळं पढवून आणलंय."

"रीत पढवता येती," आई म्हणाली. "बापाचं नाव घेताना गळा भरून येतो, ते कोन पढवतं?"

मी तिला म्हटलं, बाबालाही व्यापाऱ्याचा गूळ गोडच लागला होता. ते ऐकून तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण माघार घेण्याइतकं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला अर्धी रजा टाकून मी पालघरच्या तहसील कचेरीत अर्ज दिला. माझं अक्षर चांगलं आहे. बिगर-आदिवासी इसम नामे सदानंद पाटील हा माझ्या बहिणीशी विवाहाच्या आमिषाने आमची आदिवासी जमीन बळकावू पाहत आहे, तरी चौकशी व्हावी. सोबत सातबाऱ्याचा उतारा. अर्जात समोरच्याचा पत्ता लागतो. घरचा कोणालाच माहीत नव्हता, म्हणून मी कारखान्याचा दिला. माझा दिला चिंचणीचा, द्वारा नामदेवकाका. हे पत्ते लिहिताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. पुढं काय होणार हे त्या दोन ओळींतच लिहिलं होतं, पण मी आपल्या वळणदार अक्षराकडेच बघत होतो.

महिन्याभराने चौकशी लागली. नायब तहसीलदार चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. टेबलासमोर आम्ही चौघं उभे होतो: मी, आई, मंगळी आणि तो. मंगळी माझ्याशी बोलत नव्हती. एसटीत ती त्याच्या शेजारी बसली होती आणि मी आईशेजारी.

साहेबांनी आधी माझा अर्ज उचलला, मग उतारा. "अर्जदार जीवन चिंतामण. उताऱ्यावर जिव्या चिंतू आहे. हा जिव्या कोण?"

"मीच, साहेब."

"मग जीवन कोण?"

"तेही मीच. आश्रमशाळेत हेडमास्तरांनी नाव बदललं. जिव्या हे काय नाव आहे, म्हणाले."

"आणि बापाचं? तेही हेडमास्तरांनी बदललं?"

कचेरीतला पंखा खडखडत होता. आई माझ्याकडे बघत होती. तिला हे माहीत नव्हतं. तिला वाचता येत नाही.

"नाही," मी म्हटलं. "ते मी बदललं. डी.एड.च्या फॉर्मवर."

साहेबांनी कागदावर बारीक अक्षरात काहीतरी टिपलं. मग त्याच्याकडे वळले. "सदानंद पाटील. हे बघा, प्रकरण साधं आहे. तुम्ही बिगर-आदिवासी आहात आणि या जमिनीवर लग्नामुळे कसलाही हक्क सांगणार नाही, असं लिहून द्या. मी फाईल बंद करतो. लग्न करायला तुम्हाला कोणी अडवत नाही."

खरं सांगतो, मला जिंकल्यासारखं वाटलं. एक सही करायची आणि मोकळं व्हायचं. जमीन वाचली असती, त्याचं पाटीलपण टिकलं असतं. मंगळी मला वर्षभरात माफ करेल असा हिशेबही मी मनात करून टाकला. शिपायाने कोरा कागद पुढे सरकवला. पाटलाने पेन हातात घेतलं.

आणि घेऊन नुसताच उभा राहिला.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"हे लिवलं तर पुढं पोरं झाली ती कोन?" त्याने विचारलं. "पाटलाचीच लागतील ना कागदावर?"

"अर्थात. बापाची जात."

त्याने पेन खाली ठेवलं. शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक पिवळा कागद काढला आणि टेबलावर उलगडला. जव्हारच्या बाजूच्या एका शाळेचा दाखला. सद्या काकड्या वावरे. हिंदू, वारली. इयत्ता सातवी पास.

"साहेब, मी बोईसरला आलो तवा सद्याच होतो," तो म्हणाला. आता त्याची बोली अगदी आमच्या पाड्यावरची झाली होती. "सात वर्सं पिंपं उचलली. छातीत जळायचं. आमच्यातल्या कुनाला दुसरं काम द्येतच नाय. मंग नोकरी सोडली नि दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर गेलो. मुकादम बोलला, नाम क्या है? मी बोललो पाटील. तो बोलला, अच्छा, बॉयलर पे जा. कागद मागितला नाय कुनी. पोटासाठी खोटं बोललो, ते बोललो. पन सरकारच्या कागदावर बापाला नाय कसा म्हनू?"

शेवटचं वाक्य तो साहेबांना म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, मला रागवायला तरी काही मिळालं असतं.

"मग सातबारा कशाला मागितलास?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चिरका लागला.

"माज्या बाची जागा गेली, मास्तर. नोंद नव्हती म्हनून गेली. तुमची जाऊ नये म्हनून."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अर्जात तथ्य नाही," त्यांनी लिहायला घेतलं. "समोरचा इसम आदिवासी असल्याचे दाखल्यावरून दिसते. प्रत उभय पक्षांना दिलेल्या पत्त्यांवर पाठवावी."

दिलेल्या पत्त्यांवर. तेव्हा कुठं मला माझं वळणदार अक्षर आठवलं. "साहेब, प्रत हातात नाही का मिळणार?" मी म्हटलं. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे जाईल." कायदा नियमाप्रमाणे जातो, हे मला पाठ होतं.

बाहेर आल्यावर मंगळी पहिल्यांदा बोलली. "त्याला सात वर्सं लागली त्या बॉयलरपर्यंत जायाला," ती म्हणाली. "तुला एक अर्ज लागला." आणि ती पुढे चालू लागली.

प्रत कारखान्यात पोचली ती टपालाने. टाइमकीपरने फोडली, मुकादमाने वाचली. खोटं नाव सांगून नोकरी मिळवली, या कारणाने त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवलं. चाळीतली खोली मुकादमाच्या ओळखीने मिळालेली, तीही गेली. नाव खोटं होतं हे तर खरंच होतं. कोणाला काय म्हणणार?

माझी प्रत घेऊन चिंचणीचा कोतवाल आला. मी शाळेत होतो. त्याने ओटीवर उभं राहून मोठ्याने विचारलं, "धोदडे मास्तर, वारली, इथंच राहतात का?" नलूकाकूंनी सही करून कागद घेतला. संध्याकाळी तो माझ्या दारात व्यवस्थित घडी घालून ठेवलेला होता. काकू एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. चार दिवसांनी नामदेवकाका म्हणाले, मागची खोली रंगवायला काढायची आहे, बघा दुसरीकडे सोय झाली तर. नऊ वर्षांत त्या खोलीला त्यांनी कधी चुना लावला नव्हता. मी सामान बांधलं. काकूंनी जाताना लाडवाचा डबा दिला आणि वर म्हणाल्या, "डबा परत आणायची घाई नको हं. राहू दे तुम्हालाच." मी तो डबा पामपर्यंत मांडीवर घेऊन आलो आणि एसटीत सगळा वेळ विचार करत होतो की हे प्रेम होतं की सोवळं. अजूनही मला कळलेलं नाही.

पामला पोचलो तेव्हा सद्या आमच्या बांधावर कुदळ घेऊन उभा होता. नोकरी नाही, खोली नाही. आईने त्याला बोलावून घेतलं होतं. आमच्यात हे चालतं. मुलीच्या बापाला देज, म्हणजे मुलीचं मोल, द्यायची ऐपत नसली तर नवरा सासरी राहून राबतो आणि ते राबणं देजेत धरलं जातं. ज्याला जमिनीवर पाऊल टाकू द्यायचं नव्हतं, त्याला मीच तिथं आणून उभा केला होता. त्याने बांध नीट घातला होता. रस्त्याच्या बाजूला काट्यांचं कुंपणही केलं होतं.

त्याने कुदळ टेकवली आणि माझं सामान उचलून घरात नेलं. मी लाडवाचा डबा घेऊन मागोमाग गेलो. माफी मागायची शाळेत सवय लागत नाही, मास्तर म्हणून तर नाहीच.

वैशाखात लग्न ठरलं. मांडवाला आठ दिवस राहिले होते. दुपारी आई अंगणात ताडी घेऊन बसली. आता ती आंबूस झाली होती. तिने दोन पेले भरले, एक सद्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे. सद्याने थेंब सांडले, "काकड्या" म्हणाला, या वेळी चांगलं मोठ्याने, आणि प्यायला. त्याने डागावर पाय ठेवला नाही.

मी पेला उचलला. आईने माझं मनगट धरलं.

"त्या दिशी दोघांला ताडी दिली," ती म्हणाली. "मी दोघांकडं बघत होते. तू त्याच्याकडंच बघत होतास. त्यानं आधी बापाला पाजली. तू तसाच प्यालास."

मला आठवलं. एका दमात. त्याला घाई व्हावी म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण त्याआधीही किती वर्षं मी थेंब सांडला नव्हता ते मला मोजता येईना. शेवटचा कधी सांडला, बाप गेल्याच्या वर्षी की त्याच्या पुढच्या? चिंतामण नावाच्या माणसाला ताडी द्यायची नसते, आणि चिंतूला मी फॉर्मवरून खोडून टाकलं होतं. मंगळी दारात उभी होती. तिने माझ्याकडे नजर वळवली नाही, पण ती आतही गेली नाही.

मी ताडीत बोट बुडवलं. आणि आईशपथ सांगतो, मनात दुसरं काही नव्हतं, पण मान आपोआप वळली. कुंपणापलीकडे डांबरी रस्ता होता. एक ट्रक वजनकाट्यावर उभा होता. चिंचणीची एसटी यायची वेळ झाली होती.

"कोनी नाय बघत, जिव्या," आई म्हणाली. "ओत."